कौतुकाला कर्ता, गोंधळ बेवारशी

2010 च्या आयपीएलमध्ये चेंडू सीमारेषेपलीकडे जाऊन पडला की समालोचक ‘डीएलएफ मॅक्सिमम’ म्हणत. झेल अफलातून असेल तर तो ‘कार्बन कमाल कॅच’ आणि सामना फिरवणारा क्षण म्हणजे ‘सिटी मोमेंट ऑफ सक्सेस’. डीएलएफ ही बांधकाम कंपनी 2008 पासून पाच वर्षांसाठी सुमारे 200 कोटी रुपये मोजून स्पर्धेची मुख्य प्रायोजक झाली होती. प्रेक्षक आधी हसले, मग वैतागले आणि शेवटी सरावले. गंमत म्हणजे हा प्रकार त्यातल्या त्यात प्रामाणिक होता. जाहिरात कुठे सुरू झाली, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

कळत नाही ते न उच्चारलेलं. 2013 मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ भारतात आला, तेव्हा इयान चॅपेल यांनी समालोचनाचं काम नाकारलं. संघनिवड, क्रिकेट मंडळाचा कारभार आणि पंचांच्या निर्णयाची फेरतपासणी या विषयांवर बोलायचं नाही, अशी अट आपल्याला घातली गेली, असं त्यांनी सांगितलं. समालोचक म्हणजे खेळाडूंच्या जवळ बसलेला तटस्थ वार्ताहर, हा समज तिथेच मोडीत निघतो. ज्याचा कार्यक्रम त्याचंच मानधन असेल, तर तो घरचा माणूस.

म्हणून एकांगी बातमी म्हणजे खोटी बातमी, असं धरून वाचणाऱ्याच्या हाती सहसा काही लागत नाही. प्रायोजित कार्यक्रमाच्या वृत्तात बहुतेक वेळा एकही वाक्य खोटं नसतं.

कोणत्याही शहरातल्या मॅरेथॉनची ठरावीक बातमी घ्या: ‘नागरिकांच्या उत्स्फूर्त प्रतिसादात भव्य मॅरेथॉन जल्लोषात पार पडली. मान्यवरांच्या हस्ते स्पर्धेला झेंडा दाखवण्यात आला. संयोजकांनी सर्व स्पर्धकांना पदके व अल्पोपाहार दिला. या उपक्रमाचे सर्वत्र कौतुक होत आहे. शेवटच्या टप्प्यात पाणी कमी पडल्याने काही काळ गैरसोय झाली.’ ओळखीचं वाटेल, कारण हा साचा आहे. आता यात शाळेतलं व्याकरण लावून कर्ता शोधायचा. पदकं कोणी दिली? संयोजकांनी. पाणी कोणी कमी पाडलं? कोणीच नाही, ते आपलं ‘पडलं’. गैरसोयही कोणी केली नाही, ती ‘झाली’. चांगल्या कामाला नाव-गाव आहे, चुकीला वारस नाही. ‘सर्वत्र कौतुक’ करणारेही गायबच, पण त्यांच्या गैरहजेरीने कौतुकाचं काही बिघडत नाही. आणि प्रतिसाद ‘उत्स्फूर्त’ होता हे वार्ताहराला कसं समजलं? तो शब्द बहुधा प्रेसनोटमध्ये आदल्या दिवशीच टाइप झालेला असतो.

पैसे घेतले असतील तर कुठेतरी ‘जाहिरात’ असं छापलेलं असणारच, यावर अनेकांचा भाबडा विश्वास असतो. बातमी आणि जाहिरात वेगवेगळी ओळखू आली पाहिजे, असा भारतीय वृत्तपत्र परिषदेचा दंडक आहे, हे खरं. पण 2009 च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीनंतर पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये दाखवून दिलं, की नेत्याची स्तुती करणारा एकच मजकूर परस्परांच्या स्पर्धक मराठी दैनिकांत छापून आला होता. मग याच परिषदेच्या उपसमितीतल्या परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांनी ‘पेड न्यूज’वर 71 पानी अहवाल लिहिला. परिषदेने 2010 मध्ये नावं गाळून त्याचा संक्षेप काढला. नावानिशी लिहिलेला मूळ अहवाल अधिकृतपणे लोकांसमोर आला तो केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर, 2011 मध्ये. बेवारशी वाक्यरचनेचा मोह परिषदेलाही सुटला नव्हता, असं म्हणायला जागा आहे.

उलट टोकाचाही एक गैरसमज आहे: प्रायोजकाचं नाव दिसलं की बातमी विकलेली. तसं नाही. मुंबई मॅरेथॉनच्या नावापुढे 2018 पासून ‘टाटा’ आहे, तर ते छापण्यात पाप नाही. 2020 मध्ये चीनबरोबरच्या गलवान संघर्षानंतर चिनी कंपनी विवोचं आयपीएलचं प्रायोजकत्व त्या वर्षापुरतं थांबलं आणि ड्रीम 11 ने 222 कोटींना ती जागा घेतली, तेव्हा तर प्रायोजकाचं नाव हीच बातमी होती. नावापेक्षा मंचामागच्या फलकाचा कोपरा बघावा. तिथे ‘मीडिया पार्टनर’ म्हणून जे दैनिक झळकतं, त्याच दैनिकात दुसऱ्या दिवशी अर्धं पान वृत्तांत असतो, आणि प्रतिस्पर्धी दैनिकात अनेकदा एक ओळही नसते. पक्षपात म्हटला तर तो दोन्हीकडे आहे.

रील्सवाल्यांसाठी जाहिरात मानक परिषदेचे नियम जून 2021 पासून लागू आहेत. रोख रक्कमच नव्हे, फुकट वस्तू किंवा सहलसुद्धा उघड करावी लागते. पत्रकाराच्या फुकट पासाविषयी बातमीत सहसा अवाक्षर नसतं.

अशा कार्यक्रमांच्या विरोधकांची भाषा मात्र आपोआप निष्पक्ष ठरत नाही. एप्रिल 2016 मध्ये दुष्काळग्रस्त लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. 12 तारखेला पहिली गाडी पोचली ती पाच लाख लिटर घेऊन. त्याच सुमारास आयपीएलच्या मैदानांना 60 लाख लिटर पाणी लागेल, हा जनहित याचिकेतला आकडा चॅनेलवर दिवसभर फिरत होता. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की राग येणारच, आणि तो अगदीच अनाठायी नव्हता. पण मैदानासाठी प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरू, असं आयोजक न्यायालयात सांगत होते. ते पटण्याजोगं होतं की नाही हा पुढचा प्रश्न. ‘60 लाख’ एवढंच ऐकणाऱ्याला ते ठाऊकच नव्हतं. आणि उसाच्या फडात मुरणाऱ्या पाण्यापुढे तो आकडा केवढा, हे तर कोणी मांडून दाखवत नव्हतं.

13 एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने 30 तारखेनंतरचे सामने राज्याबाहेर हलवायला सांगितलं. अंतिम सामना मुंबईऐवजी बंगळुरूत झाला. त्यावर ‘सामने हलवण्यात आले’ असंही लिहिता येतं, आणि ‘दुष्काळामुळे न्यायालयाने सामने हलवायला लावले’ असंही.