गोदाघाटाचे जलरंग

कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी रंकाळा आणि कोटितीर्थ हे तलाव रंगवले. नाशिकच्या चित्रकारांच्या वाट्याला गोदाघाट आला. इथल्या निसर्गचित्रणाचा मागोवा घेताना पहिलं नाव येतं वा. गो. कुलकर्णी यांचं. त्यांनी नाशिक कलानिकेतन सुरू केलं आणि चित्रकला शिकायला मुंबईच गाठली पाहिजे, ही सक्ती उरली नाही. पुढे तिथेच प्राचार्य झालेल्या शिवाजी तुपे यांनी जागेवर बसून चित्र काढण्याची सवय विद्यार्थ्यांच्या अंगी बाणवली. फोटोवरून काढलेल्या चित्रात ऊन खोटं वाटतं, हे मला तुपे सरांची घाटाची चित्रं पाहूनच पटलं.

सकाळच्या उन्हात घाटावरचं नारोशंकराचं देऊळ रंगवायला घेतलं की कस लागतो. १७४७ मधलं हे देऊळ काळ्या दगडाचं. पण ट्यूबमधला काळा रंग लावला की दगड मेलाच. निळा आणि तपकिरी ओल्या कागदावर एकमेकांत उतरू द्यायचे, शिखराची उजेडाकडची कड कोरी सोडायची. पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कागदच. तो एकदा गेला की गेला. चैत्र-वैशाखात हवा इतकी कोरडी, की पातळ रंगाचा वॉश खाली आणेपर्यंत वरचा वाळलेला असतो. पावसाळ्यात कागद वाळता वाळत नाही आणि गढूळ पाण्यात देवळांची प्रतिबिंबंही दिसत नाहीत. दिवाळीनंतर पाणी निवळतं, सावल्या लांबतात. ते दिवस खरे घाटाचे.

नंतरच्या पिढीत प्रफुल्ल सावंत यांनी नाशिकचा जलरंग परदेशांतल्या प्रदर्शनांपर्यंत नेला. आजही सुटीच्या दिवशी रामकुंडापासून पुढे बोर्ड आणि पाण्याचा डबा घेऊन बसलेली मुलं दिसतात, याचा मला फार आनंद वाटतो.

मात्र त्यांच्यासमोरचा घाट तुपे सरांचा राहिलेला नाही. २००८ आणि २०१९ च्या महापुरांत घाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली, पण पूर ओसरल्यावर घाट पुन्हा उघडा झाला. घाटावर ओतलेलं काँक्रीट मात्र ओसरत नाही. जुन्या कुंडांचे तळ त्याखाली गेले, काठावरच्या दगडी पायऱ्याही बदलल्या. पूर्वी पायऱ्या कशा होत्या, उतार कुठे होता, हे आता ती जुनी जलरंगचित्रं दाखवतात. घराघरांत फ्रेममध्ये पडून असलेल्या अशा चित्रांची स्थळ-सालासह नोंद व्हायला हवी, आणि तीही २०२७ च्या सिंहस्थासाठी घाट आणखी बदलण्यापूर्वी.