निद्रेचे अंतरंग : लेखांक ७. छातीवर बसणारे दुःस्वप्न

मागील लेखांकात रात्रीच्या झोपेतील चक्रांचा परिचय करून देताना, ज्या अवस्थेत बंद पापण्यांआड डोळे जलद हलत असतात आणि बहुतेक ठसठशीत स्वप्ने पडतात, त्या ‘रेम’ झोपेचा विचार झाला. प्रौढ माणसाच्या रात्रभराच्या झोपेत सुमारे ९० मिनिटांची अशी चार ते सहा चक्रे होतात आणि उत्तररात्रीच्या चक्रांत रेम झोपेचा वाटा वाढत जातो, त्यामुळे दुःस्वप्नेही पहाटेच्या सुमारास अधिक पडतात. ज्या भयप्रद स्वप्नाने माणूस दचकून जागा होतो आणि ज्याचा तपशील त्याला जाग आल्यावर स्पष्ट आठवतो, ते दुःस्वप्न, अशी त्याची शास्त्रीय व्याख्या आहे. पूर्वरात्री लहान मूल किंचाळत उठून बसते, घामाने थबथबते, पण सकाळी त्याला त्यातले काहीही आठवत नाही, तो प्रकार गाढ झोपेतला असून त्याला निद्राभय म्हणतात. तिसऱ्या प्रकारात माणूस जागा झालेला असतो, खोली त्याला दिसत असते, परंतु हातपाय हलत नाहीत, तोंडातून आवाज फुटत नाही आणि छातीवर कोणीतरी बसल्याची खात्री वाटते. याला निद्रास्तंभ, किंवा आता रूढ झालेल्या शब्दांत स्लीप पॅरालिसिस, असे म्हणतात. लोकपरंपरांनी या तिन्हींत काटेकोर भेद क्वचितच केला. मात्र दुःस्वप्नाविषयीच्या जगभरातील लोककथांना सर्वाधिक सामग्री पुरवली ती या तिसऱ्या प्रकाराने, म्हणून प्रस्तुत लेखांकात मुख्यतः त्याचाच विचार केला आहे.

उत्तर युरोपातील लोककथांत ‘मेअर’ नावाची दुष्ट शक्ती रात्री घरात शिरून झोपलेल्याच्या छातीवर स्वार होते. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील न्यूफाउंडलंड बेटावर हेच काम ‘ओल्ड हॅग’ नावाची म्हातारी चेटकीण करते. जपानमध्ये झोपेत जखडले जाण्याच्या या अनुभवाला ‘कनाशिबारी’ म्हणतात, तर लाओसच्या डोंगरी भागातील मोंग समाज ‘दाब त्सो’ नावाच्या, छाती दाबणाऱ्या पिशाच्चाला दोष देतो. ईशान्य थायलंडमध्ये पुरुषांना झोपेत गाठणारे भूत विधवेचे असते अशी समजूत असल्याने, तिला चकवण्यासाठी तरुणांनी ओठांना व नखांना रंग लावून झोपल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. या समाजांपैकी अनेकांचा एकमेकांशी कधी संबंध आला नव्हता, तरीही वर्णनाचे चार घटक सर्वत्र तेच आहेत: जागेपणाची जाणीव, हालचाल खुंटणे, छातीवरील भार आणि खोलीत दुसरे कोणीतरी असल्याचा भास.

भारतीय परंपरेत दुःस्वप्नाचा विचार फार जुना आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १६४ वे सूक्त दुःस्वप्न घालवण्यासाठी आहे, आठव्या मंडलात उषेला उद्देशून दुःस्वप्न दूरच्या त्रित आप्त्य या देवतेकडे नेऊन सोडण्याची प्रार्थना आढळते आणि अथर्ववेदात तर स्वप्नालाच व्यक्तिरूप देऊन त्याला ग्राहीचा, म्हणजे माणसाला पकडून ठेवणाऱ्या शक्तीचा, पुत्र आणि यमाचे साधन म्हटले आहे. चरकसंहितेची भूमिका याहून वेगळी व अधिक विश्लेषक आहे. तिच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत, ते असे: पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले, इच्छिलेले, कल्पिलेले, भावी घटना सुचवणारे आणि वातपित्तादी दोषांतून उद्भवणारे, त्यांपैकी पहिले पाच निष्फळ, म्हणजे पुढच्या शुभाशुभाशी संबंध नसलेले मानले आहेत. मनी वसे ते स्वप्नी दिसे या मराठी म्हणीत लोकांनी जे थोडक्यात सांगितले, त्याचेच हे वर्गीकरण म्हणता येईल.

महाराष्ट्रातील घरगुती समजुतींत या दोन्ही धारा शेजारीशेजारी नांदतात. तान्हे बाळ झोपेत हसले किंवा रडले, तर सटवाई त्याला हसवते-रडवते असे म्हणतात. मूल झोपेत घाबरत असेल तर त्याची दृष्ट काढतात, उशाशी अडकित्ता किंवा विळा असे काही लोखंडी ठेवतात, अंगारा लावतात, मारुतीस्तोत्र म्हणायला शिकवतात. याच घरांतील वडीलधारी माणसे छातीवर हात ठेवून उताणे झोपू नये, झोपेत दडपल्यासारखे होते, असेही बजावतात, आणि या सूचनेत भूतपिशाच्चाचा उल्लेख नसतो. तो शरीराच्या स्थितीविषयीचा अनुभवाने आलेला नियम आहे.

वैद्यांनी हाच नियम स्वतंत्रपणे पुन्हापुन्हा नोंदला. ग्रीक लोक छाती दाबणाऱ्या या शक्तीला ‘एफिअल्टिस’ म्हणत. परंतु इसवीसनाच्या दुसऱ्या शतकातील सोरेनस या वैद्याच्या परंपरेने तो कोणी देव नसून आजार आहे, असे स्पष्ट सांगितले. डच वैद्य इसब्रांड व्हान डीमरब्रुक याने १६६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रुग्णवृत्तांतात, रात्री उताणे झोपल्यावर आपल्यावर सैतान किंवा चोर पडून आहे असे वाटून हातपाय न हलवू शकणाऱ्या एका पन्नाशीच्या स्त्रीचे वर्णन आहे. १७५३ मध्ये जॉन बाँड या ब्रिटिश वैद्याने, जो स्वतः या त्रासाने पछाडलेला होता, या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहून उताणे झोपल्याने रक्ताभिसरण अडते असा सिद्धान्त मांडला. चित्रकार हेन्री फ्युसेली याने १७८१ मध्ये रंगवलेल्या प्रसिद्ध चित्रात निद्रिस्त स्त्रीच्या छातीवर बसलेला बुटका राक्षस दिसतो, आणि ती स्त्रीही उताणीच आहे. रक्ताभिसरणाचा सिद्धान्त पुढे टिकला नाही, निरीक्षण मात्र टिकले: निद्रास्तंभाचा अनुभव उताण्या स्थितीत कितीतरी अधिक येतो, हे आधुनिक पाहण्यांतही आढळले आहे.

लोककथेकडे पाहण्याची विद्वानांची दृष्टी बदलण्यास अमेरिकन लोकसाहित्य-अभ्यासक डेव्हिड हफर्ड यांचे १९८२ चे पुस्तक कारणीभूत ठरले. न्यूफाउंडलंडमधील विद्यार्थ्यांत त्यांनी केलेल्या पाहणीत जवळजवळ एक चतुर्थांश जणांना हा अनुभव आलेला होता. चेटकिणीच्या गोष्टी ऐकून माणसांना तसे भास होतात, असे तोवर गृहीत धरले जाई. परंतु ज्यांनी ती परंपरा कधी ऐकलीही नव्हती, अशा लोकांनीही तेच तपशील सांगितल्याने अनुभव आधीचा आणि कथा नंतरची, असा क्रम मानणे हफर्ड यांना भाग पडले.

या अनुभवामागची शारीरिक यंत्रणा आता बरीच उलगडली आहे. शिकागोत युजीन ॲसेरिन्स्की व नथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये रेम झोपेचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यानंतर काही वर्षांतच फ्रान्समध्ये मिशेल जुव्हे यांनी मांजरांवरील प्रयोगांतून या अवस्थेत स्नायू पूर्ण शिथिल होतात असे दाखवले. मेंदूच्या स्तंभातून निघणारे संदेश पाठीच्या कण्यातील चेतापेशींना रोखून धरतात, त्यामुळे स्वप्नात धावणारा माणूस अंथरुणात धावत नाही. ही रोखणूक सुटण्यापूर्वीच जाग आली, तर चेतना परत येते आणि शरीर मात्र रेम झोपेतच राहते. श्वासपटल चालू असते, पण बरगड्यांमधील स्नायू ढिले असल्याने मुद्दाम खोल श्वास घेण्याचा प्रयत्न फसतो, आणि तोच छातीवरील भार म्हणून जाणवतो. भयाशी निगडित असलेला मेंदूतील अमिग्डाला हा भाग या वेळी जागृत असल्याने, घाबरण्यासारखे काही समोर नसतानाही धोक्याची जाणीव होते आणि स्वप्नातील प्रतिमा खऱ्या खोलीत मिसळतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार सर्वसाधारण लोकांपैकी सुमारे ८ टक्के, तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे २८ टक्के जणांना आयुष्यात कधीतरी हा अनुभव येतो. अपुरी व अनियमित झोप त्याला विशेष कारणीभूत ठरते.

तरीही यंत्रणा कळली म्हणून श्रद्धेचा भाग निकालात निघत नाही, हे मोंग समाजाच्या इतिहासावरून दिसते. १९७७ पासूनच्या दशकभरात अमेरिकेत आलेल्या आग्नेय आशियाई निर्वासितांपैकी शंभराहून अधिक जण झोपेतच मरण पावले. ते जवळजवळ सर्व पुरुष होते, बहुतेक तिशीच्या आसपासचे आणि प्रकृतीने धडधाकट, आणि त्यांत मोंगांचे प्रमाण मोठे होते. मूळच्या स्पेनमधील पेद्रो व जोसेप ब्रुगाडा या बंधूंनी १९९२ मध्ये हृदयाच्या विद्युत्प्रवाहातील जो दोष वर्णिला, त्याच्याशी या मृत्यूंचा संबंध पुढे जोडला गेला. हा दोष अनेकदा आनुवंशिक असतो आणि आग्नेय आशियात त्याचे प्रमाण जास्त आहे. शेली ॲडलर या अभ्यासिकेने मात्र आणखी एक प्रश्न विचारला: हा हृदयदोष लाओसमध्येही असणार, मग अमेरिकेत आल्यावरच मृत्यूंची अशी लाट का यावी? मोंगांच्या मुलाखती घेतल्यावर त्यांना आढळले की मायदेशी दाब त्सोला शांत करणारे विधी होते व ते करणारे शामानही होते. परक्या देशात, काहींनी धर्मांतर केल्यावर, विधी सुटले आणि पिशाच्चाची भीती तेवढी उरली. या अनावर भीतीचा ताण आधीच दुबळ्या असलेल्या हृदयाला सोसला नसावा, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

इजिप्त आणि डेन्मार्क यांची तुलना करणारा २०१३ चा अभ्यास याच दिशेचा आहे. निद्रास्तंभ दोन्ही देशांत आढळतो, परंतु जिन्नाशी त्याचा संबंध जोडणाऱ्या इजिप्तमध्ये मरणाची भीती अधिक तीव्र, स्तंभाचा काळ अधिक लांब आणि पुनरावृत्तीही अधिक होती. भीतीने झोप तुटते आणि तुटलेल्या झोपेतून पुन्हा तोच अनुभव संभवतो, त्यामुळे दिलेले स्पष्टीकरणच अनुभवाचा एक घटक होऊन बसते.

म्हणून लोककथेचे मूल्यमापन करताना तिच्यातील निरीक्षण, निदान आणि उपाय हे तीन भाग वेगळे पाहावे लागतात. निरीक्षण बव्हंशी अचूक ठरले, निदान टिकले नाही. उपायांचा निकाल मात्र संमिश्र आहे, कारण उशाचा अडकित्ता मेंदूवर काही परिणाम करत नसला तरी धीर देणारा विधी भीती कमी करू शकतो आणि धाक घालणारी कथा ती वाढवू शकते. वारंवार पडणाऱ्या दुःस्वप्नांवर आज वापरल्या जाणाऱ्या एका प्रमुख मानसोपचारात रुग्ण दिवसा, जागेपणी, त्याच स्वप्नाचा शेवट बदलून लिहितो आणि बदललेले स्वप्न रोज काही मिनिटे मनात घोळवतो. निद्रास्तंभासाठी नियमित वेळी पुरेशी झोप आणि कुशीवर झोपण्याची सवय हे पहिले उपाय सुचवले जातात. मात्र दिवसा अनावर झोप येत असेल, किंवा घराण्यात कोणी तरुणपणी झोपेत दगावले असेल, तर वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते. पुढील लेखांकात निद्रास्तंभाच्या नेमक्या उलट घडणाऱ्या प्रकाराचा, म्हणजे शरीर हलते पण जाग येत नाही अशा निद्राभ्रमणाचा, विचार करण्यात येईल.