पावलाच्या शस्त्रक्रियेतील नर्व्ह ब्लॉक आणि डेक्सामेथासोन
पावलाच्या शस्त्रक्रियेसाठी गुडघ्यामागे किंवा घोट्याभोवती मज्जातंतूंलगत बधिरतेचे औषध टोचतात. यास नर्व्ह ब्लॉक म्हणतात. घोट्यापाशी संपूर्ण पाऊल बधिर करावयाचे झाल्यास पाच मज्जातंतू गाठावे लागतात. ब्युपिव्हाकेनसारख्या दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधाचा प्रभावही पुष्कळदा रात्री ओसरतो आणि अंगठ्याचे वाकडे हाड कापून सरळ केलेल्या रुग्णास, नेमका तो घरी एकटा असताना, एकाएकी तीव्र कळा सुरू होतात. ही रात्र निभावण्यासाठी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, साधारणतः 4 ते 8 मिलिग्रॅम, ब्लॉकच्या औषधात मिसळतात किंवा शिरेतून देतात. त्यामुळे वेदनाशमन कित्येक तास लांबते. मज्जातंतूलगतचा वापर अनेक देशांत औषधाच्या परवान्याबाहेरचा ठरतो. शिरेतून दिल्यानेही बराचसा लाभ होत असल्याने पुष्कळ भूलतज्ज्ञ तोच मार्ग पत्करतात, व ते सयुक्तिकही आहे. मधुमेही रुग्णाची रक्तशर्करा काही काळ वाढते. बधिर पावलाला आवळलेले प्लास्टर किंवा चटका जाणवत नाही, तोलही जातो. म्हणून संवेदना परतेपर्यंत आधाराविना चालू नये. वेदना केवळ पुढे ढकललेली असते. यास्तव वेदनाशामक गोळ्या ब्लॉक उतरण्यापूर्वीच सुरू करण्यास सांगतात.