स्टिक आणि राउटर यांच्यात काय बोलणं होतं?

भिलाईत पोलाद ओततात, आणि इथल्या घरांत वायफायची लाट अडते तीही बहुधा पोलादापाशीच. २ फेब्रुवारी १९५५ला भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात कारखान्याचा करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि कारखान्याच्या जोडीने एकेक सेक्टर वसत गेला. सेक्टर ६ मधल्या एखाद्या क्वार्टरात आज डोकावलं तर पुढच्या खोलीत राउटर, आतल्या खोलीत टीव्ही, मधे विटांची भिंत आणि भिंतीला टेकून लोखंडी कपाट अशी मांडणी हमखास दिसते. टीव्हीच्या पाठीमागे करंगळीपेक्षा थोडी मोठी स्ट्रीमिंग स्टिक खोचलेली असते, आणि पडद्यावर एकच ओळ: नेटवर्कशी जोडता आलं नाही.

पुण्याहून भाचा फोनवर विचारतो, "मावशी, बंद करून चालू केलंस का?"

"केलं रे. दोनदा केलं. माझ्या मोबाइलवर तर सगळं छान चालतंय."

मावशीच्या दुसऱ्या वाक्यातच निम्मं निदान आहे. मोबाइल चालतो म्हणजे राउटर जागा आहे, बाहेरून येणारी लाइनही बहुतेक ठीक आहे. अडलंय ते स्टिक आणि राउटर यांच्यामधल्या बोलण्यात. हे बोलणं एरवी काही सेकंदांत आटोपतं, पण त्या सेकंदांत इतक्या पायऱ्या आहेत की ते रोज कोट्यवधी घरांत बिनबोभाट पार पडतं याचंच नवल वाटावं.

आधी लाट पोचते का ते पाहू. वायफायचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला सुमारे २४० कोटी आंदोलनं. लाटेची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर. नव्या ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात लांबी त्याच्या निम्म्याहून कमी. लांब लाट भिंतीतून बरी निभावते, आखूड लाट वेगवान पण नाजूक. विटांत दोघींची शक्ती थोडीफार जिरते. पोलादात मात्र प्रवेशच नाही. धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन लाटेसरशी हलतात आणि तिला परत फेकतात. या लहरी पोलादाच्या पृष्ठभागात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतक्याही खोल जात नाहीत. कपाट रिकामं आहे की साड्यांनी भरलेलं, याच्याशी लाटेला काही देणंघेणं नाही. पत्रा दिसला की ती फिरली.

मे महिन्यात आणखी एक भिंत उभी राहते. स्टँडवरचा कूलर: बाहेरून पत्रा, आत टाकीभर पाणी, तीन बाजूंनी ओल्या जाळ्या. पत्रा लाट परतवतो, पाणी उरलीसुरली शोषून घेतं. मार्चमध्ये नीट चालणारी स्टिक उन्हाळ्यात रुसली तर बिघाड शोधायच्या आधी कूलर कुठे ठेवलाय ते बघावं.

शेवटचा पत्रा खुद्द टीव्हीचा. बऱ्याच टीव्हींच्या पाठीला धातूचा सांगाडा असतो, आणि स्टिक नेमकी त्याला चिकटून, भिंतीकडे तोंड करून बसते. मोबाइल आपण मोकळ्या हवेत धरतो, त्यामुळे तुलनाच अन्यायाची आहे. काही स्टिकच्या खोक्यात विताएवढी एचडीएमआयची जोडवायर येते. पुष्कळ घरांत ती खोक्यातच राहते, कारण तिचा उपयोग काय हे कुणी सांगत नाही. स्टिक त्या पत्र्यापासून थोडी लांब नेणं, एवढ्यासाठीच ती दिलेली असते. माझ्या मते अख्ख्या खोक्यातली सर्वांत कमी कौतुक झालेली वस्तू हीच.

विजेचंही तसंच. स्टिकची वायर टीव्हीच्याच यूएसबी पोर्टमध्ये खोचण्याचा मोह होतो, एक प्लग वाचतो म्हणून. पण साध्या यूएसबी २.० पोर्टातून ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॅट मिळतात; कित्येक स्टिकना त्याच्या दुप्पट लागते. चित्र दिसतं, मेनू हलतो, सगळं ठीक वाटतं. रेडिओ बोलायला लागला की विजेची मागणी क्षणभर उसळते, व्होल्टेज पडतं आणि बोलणं अर्ध्यावर तुटतं. दोष वायफायच्या माथी जातो. सोबत आलेला अ‍ॅडॉप्टर भिंतीच्या सॉकेटात लावला की हा प्रश्नच मिटतो.

हे सगळं सुधारलं तरी स्टिकपर्यंत पोचतं किती? राउटरची ताकद साधारण ०.१ वॅट. दोन खोल्या ओलांडून येता येता स्टिकच्या अँटेनाला मिळतो तो एका वॅटचा हजार कोटीवा भाग, आणि तेवढ्यात अख्खा सिनेमा चालतो!

त्यात तो भागही एकटा येत नाही. सरळ आलेली लाट, कपाटावरून उसळलेली, छतावरून परतलेली, अशा अनेक प्रती थोड्या थोड्या उशिराने एकमेकींवर पडतात. देवळाच्या सभामंडपात भरभर बोललं की शब्दात शब्द मिसळतो, तसा प्रकार. यावरचा एक महत्त्वाचा तोडगा ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतून आला, आणि त्याची मुळं आकाशात आहेत. स्टीफन हॉकिंग यांनी १९७४ मध्ये मांडलं होतं की अगदी छोटी कृष्णविवरं शेवटी स्फोट होऊन संपावीत. जॉन ओ'सुलिव्हन आणि त्यांचे सहकारी अशा स्फोटांचे रेडिओ स्पंद शोधत होते. असा स्पंद अंतराळातून येताना विस्कटून जाणार, म्हणून विस्कटलेल्या संदेशातून मूळ संदेश काढण्याच्या गणितात ते मुरले. कृष्णविवराचा स्फोट काही सापडला नाही. तो अनुभव पुढे खोलीतल्या प्रतिध्वनींवर कामी आला आणि १९९६ मध्ये संस्थेला त्याचं अमेरिकी पेटंट मिळालं.

युक्ती ऐकायला सोपी आहे. एकच प्रवाह घाईने पाठवण्याऐवजी माहिती अनेक संथ प्रवाहांत वाटायची. १९९९ साली ठरलेल्या ८०२.११ए या मानकात असे ५२ प्रवाह शेजारी शेजारी वाहतात. त्यांतलं प्रत्येक चिन्ह ४ मायक्रोसेकंद टिकतं, आणि त्यातले ०.८ मायक्रोसेकंद केवळ प्रतिध्वनी विरावेत म्हणून सोडलेले असतात. तेवढ्या वेळात लाट २४० मीटर जाते. सेक्टर ६ मधलं कुठलंही क्वार्टर त्यात सहज मावेल.

लाट पोचली, आता ओळख पटवायची. इथे मला सर्वांत जास्त आश्चर्य वाटतं. आपण रिमोटने एकेक अक्षर वेचत पासवर्ड टाकतो तेव्हा वाटतं, तो हवेतून राउटरकडे जातो आणि राउटर तो तपासतो. तसं होत नाही. पासवर्ड हवेत कधी जातच नाही. डब्ल्यूपीए२ पद्धतीत स्टिक पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र घेऊन गणिताच्या ४०९६ फेऱ्या करते आणि त्यातून एक किल्ली बनवते. राउटरकडे तशीच किल्ली आधीपासून असते. मग राउटर एक यादृच्छिक संख्या पाठवतो, स्टिक आपली संख्या पाठवते, आणि दोघं आपापल्या किल्लीने या संख्यांवर तात्पुरती किल्ली घडवून तिने संदेशाखाली मोहोर उठवतात. चार संदेशांत कारभार आटोपतो. मोहोर जुळली तर दोघांकडे तोच पासवर्ड आहे हे सिद्ध होतं, आणि शेजारी कान लावून बसलेल्याला पासवर्ड ऐकू येत नाही.

म्हणूनच चुकलेलं अक्षर कुठलं, हे राउटर सांगू शकत नाही. त्याने तुमचा पासवर्ड पाहिलेलाच नसतो; मोहोर जुळली नाही एवढंच त्याला कळतं. लहान-मोठं अक्षर, शून्य की ओ, शेवटी चुकून पडलेली मोकळी जागा, सगळ्यांचं उत्तर एकच. नेटवर्कचं नाव बदललं तर पासवर्ड तोच ठेवूनही किल्ली बदलते. आणि राउटर फक्त २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए३वर ठेवला असेल तर जुन्या स्टिकला ती भाषाच समजत नाही. पासवर्ड शंभर टक्के बरोबर असूनही दार बंद. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्ही पद्धती चालू ठेवायची सोय बहुधा असते.

काही वेळा स्टिकला नेटवर्कचं नावच दिसत नाही. २.४ गिगाहर्ट्झमध्ये भारतात १ ते १३ चॅनेल चालतात, अमेरिकेसाठी बनलेली उपकरणं साधारणपणे ११वर थांबतात. लेकीने अमेरिकेहून आणलेल्या स्टिकसाठी तेराव्या चॅनेलवरचा राउटर अस्तित्वातच नसतो. राउटर १, ६ किंवा ११वर ठेवावा. जुन्या, स्वस्त स्टिकना ५ गिगाहर्ट्झचा पट्टाही ऐकू येत नाही. त्या पट्ट्याच्या काही भागावर रडारचा पहिला हक्क आहे, म्हणून तिथे बोलण्यापूर्वी राउटरला निदान एक मिनिट गप्प बसून रडारची चाहूल घ्यावी लागते. राउटर चालू करून लगेच नाव शोधणाऱ्याला ते मिळणार नाही. एवढं मिनिट थांबा.

मोहोर जुळली की स्टिक घरातला पत्ता मागते आणि राउटर तो देतो. स्टिकच्या सेटिंगमध्ये १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता दिसला तर समजा, उत्तर आलं नाही म्हणून तिने स्वतःच एक पत्ता लावून घेतला आहे. राउटर एकदा बंद-चालू करा. त्यानंतर बाहेरचं जग आहे का ते ती चाचपते. अँड्रॉइडवर चालणारी उपकरणं एका ठरलेल्या ठिकाणी विचारणा करतात आणि तिथून अपेक्षित उत्तर असतं कोरं, क्रमांक २०४, मजकूर शून्य. काहीतरी मजकूर आला तर उलट संशय: मधेच कुणीतरी बोलतंय.

आता घड्याळ. बहुतेक स्टिकमध्ये बॅटरी नसते, त्यामुळे वीज गेली की वेळही जाते. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं ठरावीक तारखांपुरती वैध असतात. स्टिकची तारीखच मागे पडली तर प्रत्येक प्रमाणपत्र तिला खोटं वाटतं. वेळ मिळवायची ती इंटरनेटवरून, डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या पद्धतीने. पण वीज परतल्यावर स्टिक राउटरच्या आधी जागी होते, वेळ विचारायला जाते, तिथे कुणीच नसतं. राउटरचे दिवे स्थिर झाल्यावर स्टिक पुन्हा चालू केली की काम होतं. भाच्याचा सल्ला म्हणूनच खरा ठरतो, फक्त क्रम पाळायला हवा: आधी राउटर, मग स्टिक.

घड्याळ बरोबर असूनही तारखेने दगा दिल्याचा दाखला अगदी अलीकडचा आहे. ९ मार्च २०२५ला जगभरातली गूगलची दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट उपकरणं एकाएकी 'अविश्वसनीय' ठरली. २०१५ मध्ये बाजारात आलेल्या या उपकरणांची ओळख पटवणाऱ्या साखळीतलं एक प्रमाणपत्र दहा वर्षांचं होतं आणि त्याची मुदत त्या दिवशी संपली. घरोघरी लोकांनी राउटर बदलले, पासवर्ड पुन्हा टाकले. दोष तिथे नव्हताच. ज्यांनी कंटाळून फॅक्टरी रीसेट केलं त्यांचे हाल अधिक झाले, कारण ओळखच पटत नसल्याने उपकरण नव्याने जोडता येईना. गूगलने रीसेट करू नका असं सांगितलं आणि काही दिवसांत दुरुस्ती पाठवली.

तेव्हा जोडवायर लावा, अ‍ॅडॉप्टर भिंतीत लावा, राउटर कपाटामागून काढून उंचावर ठेवा, दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं देऊन स्टिकला २.४वर टाकून पाहा. फॅक्टरी रीसेट अगदी शेवटी, आणि त्याआधी तेच उपकरण वापरणाऱ्या दुसऱ्या गावातल्या कुणाला तरी फोन करून विचारा, त्यांचं चालतंय का.