घराचे छप्पर : धाबे, कौल, पत्रा की शिंगल?

जामनेर, पहूर, शेंदुर्णी या पट्ट्यात धाब्याची जुनी घरे पाडून नवीन घर बांधण्याचे काम गेली अनेक वर्षे चालू आहे. पाया किती खोल घ्यावा, फरशी कोणती बसवावी, दरवाजा सागाचा करावा की लोखंडी, यावर घरात महिनोन् महिने चर्चा होते. छपराचा प्रश्न मात्र शेवटी, हातातील पैसा संपत आल्यावर पुढे येतो. मग जे स्वस्त मिळेल ते डोक्यावर घेतले जाते. वास्तविक उन्हाळ्यात 45 अंशांच्या आसपास जाणारा पारा, मे-जूनमधील वावटळी आणि त्यानंतरचा पाऊस, या सर्वांशी पहिली गाठ छपराचीच पडते. ज्यांचे दुकान खाली आणि बिऱ्हाड वर आहे, अशा व्यापारी बांधवांचा माल आणि मुलेबाळे दोन्ही त्याच एका छपराखाली असतात. कापडाचा गठ्ठा एकदा भिजला की वाळवून, इस्त्री करूनही पाण्याची रेघ जात नाही आणि तो माल अर्ध्या भावात काढावा लागतो.

अलीकडे 'शिंगल' या नव्या छपराची विचारणा वाढली आहे. लोणावळा-महाबळेश्वरकडील बंगल्यांवर खवल्यासारखे दिसणारे लाल किंवा करडे छप्पर अनेकांनी पाहिले असेल, तेच हे. काचेच्या तंतूंची चटई, तिच्यावर डांबराचा लेप आणि वर दगडाची रंगीत बारीक खडी, अशी याची रचना असते. अमेरिकेतील मिशिगन राज्यात ग्रँड रॅपिड्स येथील हेन्री रेनॉल्ड्स यांनी 1903 मध्ये डांबरी छपराचे गुंडाळे कापून असे तुकडे केले, तेथून हा प्रकार पसरला. तिकडे बहुतेक घरांवर हेच असते. दिसायला देखणे, वजनाला हलके, आणि पावसाचा आवाज नाही.

परंतु गिऱ्हाईकाला नमुना दाखवताना दुकानदार जे सांगत नाही ते असे की, शिंगल हे स्वतः छप्पर नव्हे, ती छपरावरची चादर आहे. तिच्याखाली अखंड पाठ लागते. एक तर उतरता स्लॅब, नाहीतर पाण्याने न फुगणारे जाड प्लायवूड आणि त्यावर डांबरी कागद. म्हणजे खर्च दोनदा. उतारही चांगला हवा. बारा फुटांत चार फूट उतार असेल तर पाणी नीट वाहते. सपाट स्लॅबवर शिंगल ठोकून देणारा कारागीर भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवावे.

दुसरी गोष्ट उन्हाची. शिंगलच्या खालच्या बाजूस डांबराची चिकट पट्टी असते. ती उन्हाने तापून खालच्या तुकड्याला चिकटते आणि म्हणून वाऱ्याने उचलली जात नाही. आपल्याकडचे ऊन हे काम लवकर करील यात शंका नाही. पण तेच ऊन डांबरातील तेलही लवकर सुकवते. मग तुकडे कडक होतात, कोपरे वळतात, खडी गळू लागते. पन्हाळीत रंगीत वाळू साचलेली दिसली की शिंगल म्हातारी झाली असे समजावे. ज्यांनी आधीच बसवली आहे त्यांनी वर्षातून एकदा पालापाचोळा मऊ झाडूने काढावा, जोराच्या पाइपने धुऊ नये, आणि फाटलेला तुकडा पावसाळ्यापूर्वी बदलून घ्यावा. पाच-पंचवीस तुकडे सुरुवातीलाच जास्तीचे घेऊन ठेवावेत. कापडाच्या ताग्याप्रमाणेच यातही दोन लॉटचा रंग कधी जुळत नाही.

माझे स्पष्ट मत असे की जामनेरसारख्या ठिकाणी साध्या घरासाठी शिंगलचा हट्ट धरू नये. मग काय करावे?

आपले मूळचे छप्पर धाब्याचे. सागाच्या खांबांवर तुळया, त्यावर कड्या आणि किलचन, वर पाला आणि मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत शिरले की थंडावा जाणवतो, हा अनुभव ज्यांचे बालपण अशा घरात गेले त्यांना सांगायला नको. पण दरवर्षी वर खारी माती टाकून धाबे दाबून घेण्याची मेहनत आता कोण करतो? आणि प्रत्येक नव्या थराबरोबर वजन वाढत जाते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली, ती मुख्यतः दगडमातीच्या भिंती आणि अशाच जड माळवदांखाली. खानदेशातही सततच्या पावसात धाबे बसल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. ज्यांचे धाबे आजही उभे आहे त्यांनी आधी तुळयांची टोके तपासावीत. लाकूड भिंतीत जिथे शिरते तिथेच उधई लागते आणि ते बाहेरून दिसत नाही. हातोडीने ठोकून पाहावे. भदभद आवाज आला की त्या खोलीत झोपणे बंद करावे. यात चालढकल करू नये.

मंगलोरी कौल हे माझ्या आवडीचे छप्पर. बासेल मिशनच्या लोकांनी 1865 मध्ये मंगळूरला कारखाना काढला आणि हे कौल पश्चिम किनाऱ्यावरून आत पसरले. त्यातून हवा खेळते, एक फुटले तर एकच बदलता येते. घेताना दोन कौले एकमेकांवर वाजवावीत; खणखणीत आवाज यावा. एकात पाणी भरून रात्रभर ठेवावे, सकाळी खालून ठिबकता कामा नये. एका चौरस मीटरला साधारण पंधरा कौले लागतात. अडचण एकच, शाकारणी करणारे कुशल कारागीर आता शोधावे लागतात. दुसरी अडचण वानरांची. अजिंठ्याच्या डोंगराकडील गावांत एक टोळी उड्या मारून गेली की वर्षाची शाकारणी वाया जाते. म्हणून काही जण खाली पत्रा आणि वर कौल घालतात. खर्च वाढतो, परंतु गळती थांबते आणि पत्रा तापत नाही.

नुसता पत्रा घालायचाच असेल तर सर्वात पातळ घेऊ नये. आपण कापड घेताना पोत हाताने पाहतो, तसा पत्र्याचा गेज आणि जस्ताचा थर पाहावा. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे अनेकांना माहीत नसते. भोक नेहमी पत्र्याच्या उंच वळीवर पाडावे, खोलगट भागात नव्हे, आणि प्रत्येक बोल्टला डांबरी वायसर हवाच. पत्र्यावर दगड ठेवण्याची पद्धत तर ताबडतोब सोडावी. वावटळीत पत्रा उडाला की ते दगड घरातल्याच माणसांच्या डोक्यावर येतात. हुकबोल्टचा खर्च त्यापुढे काहीच नाही.

सिमेंटच्या पत्र्यात अनेकदा ॲस्बेस्टॉस असते. त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. युरोपीय संघाने 2005 पासून त्यावर पूर्ण बंदी घातली. आपल्याकडे तो अजून विकला जातो. घरावर जुना असेल तर करवतीने कापू नये, कोरडा फोडू नये. पाणी मारून ओला करून अख्खाच उतरवावा.

आपल्या समाजात व्याजी कर्ज टाळून टप्प्याटप्प्याने घर बांधणारे पुष्कळ आहेत. आज पत्रा, पाच-सहा वर्षांनी स्लॅब, असा त्यांचा हिशेब असतो. तो चांगलाच आहे. फक्त मिस्त्रीला हे पाया खोदण्यापूर्वी सांगावे, म्हणजे कॉलम आणि सळई त्या बेताने घेता येते. स्लॅब झाल्यावर वर चुन्याचा पांढरा हात द्यावा किंवा पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवावेत. खोली काही अंशांनी थंड राहते. तेलंगणा सरकारने 2023 मध्ये अशा थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. आपल्याकडे सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही, चुना बाजारात मिळतो.

आता पन्हाळीबद्दल. शेजाऱ्याशी होणाऱ्या कितीतरी भांडणांचे मूळ छपराच्या पाण्यात असते. हजरत अब्बास (रजि.) यांच्या घराची पन्हाळ रस्त्यावर उघडत होती. तिचे पाणी अंगावर पडल्याने हजरत उमर (रजि.) यांनी ती काढायला लावली. पुढे ती स्वतः प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बसवली होती असे कळताच त्यांनी आग्रह धरून हजरत अब्बास यांना आपल्या पाठीवर उभे केले आणि ती पुन्हा लावून घेतली. खलिफा असलेल्या माणसाने एका पन्हाळीची इतकी दखल घेतली. आपण निदान आपली पन्हाळ आपल्याच अंगणात, जमल्यास बोअरवेलशेजारच्या शोषखड्ड्यात उतरवावी.

दुरुस्तीचे सर्व काम रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी, म्हणजे मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत उरकावे. नंतर मजूर शेतीकडे जातात. पहिल्या मोठ्या पावसात आतून गळतीच्या जागी खडूने खूण करावी. पाणी वाशावरून घरंगळत येते, म्हणून जिथे ठिबकते तिथे नव्हे, तर उताराच्या वरच्या बाजूला भोक शोधावे.