खाली उतरायचं कुणी?

कोळशाची खाण म्हटली की डोळ्यांपुढे पुरुषच येतात. शंभर वर्षांपूर्वी झरियाच्या खाणींत मात्र जोडपी राबत. नवरा कोळसा फोडायचा, बायको टोपलीत भरून टबपर्यंत वाहायची. मजुरी टबावर ठरलेली, त्यामुळे तिच्या कष्टाची वेगळी नोंद होण्याचा प्रश्नच नव्हता.

1929 च्या नियमांनी बायकांना भूमिगत कामातून टप्प्याटप्प्यानं बाहेर काढायला सुरुवात केली. 1937 पर्यंत बंदी पूर्ण झाली. हेतू संरक्षणाचा असेलही, पण घरातले दोन हात कमी झाले त्याचं काय? दुसऱ्या महायुद्धात मजूर मिळेनात, तेव्हा 1943 मध्ये हीच बंदी उठली! आपला चांदा जिल्हा ज्यात होता, त्या मध्य प्रांतातही. गरज सरली, 1946 मध्ये बंदी परतली. 1952 च्या खाण कायद्यानंही तीच ठेवली.

थेट 2019 मध्ये केंद्राच्या अधिसूचनेनं दार किलकिलं केलं, तेही तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापकीय कामांपुरतं. इंजिनिअर बाई खाली जाऊ शकत होती. जिच्या पणजीनं टोपल्या वाहिल्या, त्या मजूर बाईला त्या अधिसूचनेत जागा नव्हती.