मैदान बांधायला परदेशी जाताना

परदेशातील एखाद्या वस्तीत मुलांसाठी खेळाचे मैदान बांधायला स्वयंसेवक म्हणून जायचे, हा विचार चांगलाच. सातारा-सांगलीकडील तरुणांना श्रमदान नवे नाही. २०१६ च्या वॉटर कप स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातील गावांनी घाम गाळून चर खोदले. मात्र मैदानावर झोपाळ्याच्या रंगापेक्षा त्याखालची जमीन महत्त्वाची. मुले पडणारच! हात टेकून कठीण जमिनीवर पडले की कोपराजवळचे हाड मोडते. अमेरिकेतील सरकारी सुरक्षा पुस्तिकेनुसार ४ फुटांवरून पडण्याची शक्यता असेल तिथे ९ इंच वाळू हवी. ती दबून घट्ट होते, म्हणून अधूनमधून उकरावी लागते. आपण परतल्यावर हे काम कोण करणार, ते तिथल्या पालकांशी बोलून आधीच ठरवावे. नाहीतर वर्षभरात सिमेंटसारखी जमीन आणि वर झोपाळा!

जुने टायर स्वस्त पडतात, मुलांनाही आवडतात. पण त्यांत पाणी साचले की डेंग्यूचा डास अंडी घालतो. त्यांना तळाशी भोके पाडावीत. पत्र्याची घसरगुंडी उन्हात चटका देते, ती सावलीत बसवावी.

काम खिळ्या-पत्र्यांचे असते. स्वतःच्या धनुर्वाताच्या लसीला १० वर्षे उलटली असतील, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून ती घ्यावी.